एका धाग्याचे गणित : पट्टीश्वरम्‌चा उंबरठा आणि क्रोशाचा रुमाल

कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर, कावेरीच्या फाट्यांनी भिजलेल्या भातशेतीच्या मुलखात पट्टीश्वरम् हे गाव आहे. कामधेनूची कन्या पट्टी हिने येथे शिवाची पूजा केली, म्हणून गावाला हे नाव आणि देवाला धेनुपुरीश्वर हे नाव मिळाले, अशी स्थलकथा सांगतात. दुसरी कथा सातव्या शतकातील बालसंत ज्ञानसंबंधर यांची आहे. भर उन्हात चालत येणाऱ्या या भक्तावर शिवाने मोत्यांचा मांडव धरविला आणि तो येताना दिसावा म्हणून वाटेतल्या नंदीला बाजूस सरकण्याची आज्ञा केली. मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही. व्यंकोजीराजांनी तंजावरात भोसल्यांची गादी स्थापिली ती १६७५-७६ च्या सुमारास. दुसऱ्या सरफोजीने १७९९ च्या तहाने प्रत्यक्ष कारभार इंग्रजांच्या हाती दिला, तोवर कुंभकोणमचा हा टापू मराठी राज्यात होता. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आजही उभा आहे.

परंतु या लेखाचा विषय राजे आणि शिलालेख हा नाही. दगडावर न कोरलेले, दुपारपर्यंत माणसांच्या पावलांनी आणि मुंग्यांच्या तोंडांनी नाहीसे होणारे असे एक लेखन या मुलखात दररोज पहाटे होते. तांदळाच्या पिठाने दारात काढलेले ते कोलम, म्हणजे आपली रांगोळी. मराठी घरात हातांनी होणारे त्याचे एक भावंड आहे, ते म्हणजे क्रोशाचे विणकाम. एकात पिठाची रेघ आहे, दुसऱ्यात सुताचा धागा. एक घटकाभर टिकते, दुसरे पिढ्यान्‌पिढ्या ट्रंकेत राहते. पण दोहोंच्या पोटात गणित एकाच जातीचे आहे, आणि ते गणित म्हणून ओळखले जायला दोन्हीकडे सारखाच उशीर झाला.

कोलमाची रीत अशी. अंगण झाडून, सडा घालून ओलसर जमिनीवर आधी ठिपके मांडावयाचे. तमिळमध्ये ठिपक्याला ‘पुळ्ळी’ म्हणतात. ठिपके मोजून मांडले जातात : एक, तीन, पाच, सात, पुन्हा पाच, तीन, एक. या मांडणीत पंचवीस ठिपके होतात. ही आकृती किंचित तिरकी करून पाहिली की तिच्यात तीन-तीनांचा एक आणि चार-चारांचा एक असे दोन चौरस एकमेकांत बसलेले दिसतात. नऊ आणि सोळा मिळून पंचवीस. एक, तीन, पाच या विषम संख्या क्रमाने मिळवीत गेले की वर्गसंख्या येतात, हे शाळेत सूत्र म्हणून शिकावे लागते. अंगणात ते डोळ्यांनी दिसते.

याहून नवलाची गोष्ट ‘कंबी कोलम’ या प्रकारात आहे. यात ठिपके जोडावयाचे नसतात. रेघ ठिपक्यांच्या मधून वळणे घेत जाते, प्रत्येक ठिपक्याला वेढा घालते, आणि शेवटी जेथून निघाली तेथेच येऊन मिळते. हात न उचलता, एकाच अखंड रेघेने आकृती पुरी झाली तर ती उत्तम मानतात. आता प्रश्न असा, की कोणत्या मांडणीत एकच रेघ पुरते? आयताकृती मांडणीपुरते याचे उत्तर सोपे आणि सुंदर आहे. ओळी किती आणि प्रत्येक ओळीत ठिपके किती, या दोन संख्यांचा मसावि जितका, तितक्या रेघा लागतात. चार ओळी आणि पाच ठिपके असतील तर मसावि एक, म्हणून रेघ एकच. चार ओळी आणि सहा ठिपके असतील तर दोन. तीन-तीनांच्या चौरसाला तीन. पाचवी-सहावीत भागाकाराच्या उतरंडी करून काढलेला तो मसावि, ज्याचा पुढे आयुष्यात कधी उपयोग झाला नाही अशी तक्रार अनेक जण करतात, तो पहाटेच्या अंगणात पिठाच्या चिमटीतून काम करीत असतो. आफ्रिकेतील अंगोला देशात वाळूवर बोटाने काढल्या जाणाऱ्या आकृत्यांचा अभ्यास करताना गणितज्ञ पाउलुस गेर्देस यांनाही मसाविचा हाच नियम भेटला होता.

या आकृत्यांकडे गणिताच्या नजरेने प्रथम नेटाने पाहिले ते मद्रासच्या अभ्यासकांनी. तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी, त्यांच्या पत्नी रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन या तिघांचा कोलमावरील निबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. संगणकशास्त्रात तेव्हा ‘व्याकरणा’चा विचार जोरात होता. थोडी चिन्हे आणि थोडे नियम घेऊन अगणित वाक्ये कशी तयार होतात, हा त्या विचाराचा गाभा होता. या तिघांनी तोच विचार अक्षरांच्या ओळीवरून चित्रांच्या चौकटीवर आणला आणि कोलमाच्या एकेका कुटुंबाला त्याचे व्याकरण लिहून दाखविले. एक लहान आकृती, तिच्यापासून मोठी, तिच्यापासून त्याहून मोठी. नियम मात्र तोच. ‘कृष्णाचे पैंजण’ या नावाचे कोलम असेच वाढत जाते. वनस्पतींच्या वाढीचे नियम मांडण्यासाठी आरिस्टिड लिंडेनमायर यांनी १९६८ मध्ये जी पद्धत शोधली, तिनेही हे पैंजण काढता येते, असे पुढे दिसून आले. हे नियम बायकांच्या हातात आधीपासूनच होते. त्यांना कागदावर उतरायला १९७४ साल उजाडले.

आता क्रोशाकडे वळावे. ‘क्रोशे’ हा फ्रेंच शब्द, अर्थ ‘लहान आकडा’. टोकाला आकडा असलेली एक सुई आणि एक धागा एवढीच याची सामग्री. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे काम छापील नमुन्यांच्या पुस्तकांतून पसरले. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात आयर्लंडमधील हजारो कुटुंबांना क्रोशाच्या लेसने आधार दिला. भारतात ते आले मिशनरी बायकांच्या शाळांमधून, आणि दोन-तीन पिढ्यांत मराठी मध्यमवर्गीय घरात इतके मुरले की त्याचे परकेपण कुणाच्या ध्यानातही राहिले नाही. दुधाच्या पातेल्यावर टाकायचा मणी लावलेला जाळीचा रुमाल, समईखालचे आसन, दारावरचे तोरण, रेडिओवरचे आणि पुढे दूरदर्शन संचावरचे झाकण, बाळाचे टोपडे हे सारे सुईवर उतरले. लग्नाच्या रुखवतात तर क्रोशाचा रुमाल नसेल तर मुलीला काही येत नाही असे समजले जाई. परिभाषाही मराठीच झाली : साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. ज्या कोणी प्रथम हे शब्द योजले, तिला बांधकामाची दृष्टी होती.

विणण्याच्या इतर प्रकारांहून क्रोशा एका बाबतीत वेगळा आहे. दोन सुयांवरच्या स्वेटरात शंभर-दोनशे टाके एकाच वेळी सुईवर असतात. क्रोशात कोणत्याही क्षणी जिवंत टाका एकच असतो, बाकीचे सारे मागे बांधले गेलेले. म्हणून क्रोशाचे काम कोणत्याही दिशेला वळू शकते, कोठेही वाढू शकते. कोलमाची रेघ जशी पुढचा ठिपका पाहून वळते, तशीच सुई मागची ओळ पाहून वळते. आणि चुकल्याचे कळले की धागा ओढून सारे उसवता येते.

गोल रुमालाचे उदाहरण घेऊ. मधोमध एक लहान कडे करून त्यात सहा मुके खांब घालतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा. तिसरीत एक सोडून एक वाढ, म्हणजे अठरा. चौथीत चोवीस. दर फेरीला सहाच टाके वाढवावयाचे. कमी नाही, जास्त नाही. उंच खांबांचा रुमाल असेल तर दर फेरीला बारा. आजीने आईला आणि आईने मुलीला हे सांगितले, पण सहाच का आणि बाराच का, हे बहुधा कोणी विचारले नाही.

कारण वर्तुळात आहे. त्रिज्या एका फेरीच्या उंचीने वाढली की परीघ त्या उंचीच्या २π पटीने, म्हणजे सुमारे ६.२८ पटीने वाढतो. मुका खांब जवळजवळ जितका रुंद तितकाच उंच असतो, म्हणून वाढलेल्या परिघात सहा टाके बसतात आणि थोडी जागा उरते, ती सूत ताणून भरून काढते. उंच खांब रुंदीच्या दुप्पट उंच, म्हणून वाढही दुप्पट, बारा. रुमाल कितीही मोठा झाला तरी ही वाढ बदलत नाही. तिसऱ्या फेरीला सहा आणि तिसाव्या फेरीलाही सहाच. वर्तुळाच्या परिघाचे सूत्र पाठ असलेल्या विद्यार्थ्यालाही हे प्रथम ऐकताना चटकन पटत नाही. रुमाल मोठा तर वाढही मोठी हवी, असे वाटत राहते. जिच्या हातात सुई आहे तिला ते पटवावे लागत नाही.

टोपड्यात तर याहून पुढची पायरी आहे. प्रथम सपाट चकती विणावयाची, ती पुरेशी मोठी झाली की वाढ थांबवावयाची, आणि त्याच टाक्यांवर फेऱ्या घालीत जावयाचे. चकतीच्या कडा आपोआप खाली वळतात आणि नळी तयार होते. पण पुरेशी मोठी म्हणजे किती? बाळाच्या डोक्याचा घेर बेचाळीस सेंटिमीटर असेल तर चकतीचा व्यास त्याला ३.१४ ने भागून साडेतेरा सेंटिमीटरच्या आत-बाहेर यावा. जुन्या बायका दोरीने घेर घेत आणि तिची तीन पदरी घडी करीत. म्हणजे त्यांचा π तीनचा होता, आणि टोपडे जे थोडे सैल होई ते बाळ वाढेल म्हणून हवेच असे.

जाळीच्या कामाचे अंकगणित निराळे. एका चौकोनाला एक खांब आणि दोन साखळ्या, आणि शेवटी ओळ बंद करायला एक खांब जास्त. म्हणून चाळीस चौकोनांच्या पट्टीला तीन गुणिले चाळीस अधिक एक, म्हणजे एकशे एकवीस टाक्यांचा पाया धरावा लागतो. वर पहिल्या खांबाच्या उंचीसाठी तीन साखळ्या. मोर किंवा तुळशीवृंदावन चौकटीच्या कागदावर काढून भरलेले आणि रिकामे चौकोन मोजले की नमुना तयार होतो. आठ चौकोनांची वेल आणि बारा चौकोनांची नक्षी एकाच पट्टीत वर-खाली बसवायची असेल तर रुंदी चोवीसच्या पटीत घ्यावी लागते. कोलमात मसावि होता, येथे लसावि आला. हे गणित पाटीवर न करता बोटांच्या पेरांवर होत असे, आणि ज्या वह्यांमध्ये नमुने उतरवून घेतले जात त्यांत ‘३ सा, १ खां, २ घरे सोडून परत’ अशा सांकेतिक ओळी असत. आज संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्याला अशी ओळ दाखविली तर परत फिरण्याची ती खूण तो लगेच ओळखेल.

π चे नाव निघाले की कुंभकोणमला परत यावेच लागते. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण तेथल्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील लहानशा घरात गेले आणि शिक्षण टाउन हायस्कुलात झाले. १९१४ साली त्यांनी π ची किंमत काढण्याच्या अद्भुत श्रेढी प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी एका श्रेढीचा आधार घेऊन १९८५ मध्ये विल्यम गॉस्पर यांनी संगणकावर π चे पावणेदोन कोटींहून अधिक दशांश मिळविले. टोपड्याला एकही दशांश लागत नव्हता. पण रामानुजनांच्या घरातही सुईदोऱ्याची एक कथा आहे आणि ती त्यांच्या चरित्रांत थोडक्यात उरकली जाते.

रामानुजनांचा विवाह १९०९ साली झाला तेव्हा पत्नी जानकी दहा वर्षांच्या होत्या. १९१४ मध्ये पती विलायतेला गेले, १९१९ मध्ये आजारी होऊन परतले, आणि २६ एप्रिल १९२० रोजी वारले. एकविसाव्या वर्षी विधवा झालेल्या, शाळेचे फारसे शिक्षण नसलेल्या या बाईंनी पुढची काही वर्षे मुंबईत भावाकडे काढली. तेथे त्या शिवणकाम शिकल्या. १९३१ च्या सुमारास मद्रासला परत येऊन ट्रिप्लिकेनमध्ये त्यांनी स्वतःचे बिऱ्हाड केले आणि विद्यापीठाच्या अल्पशा निवृत्तिवेतनाला शिवणाच्या मिळकतीची जोड देऊन दीर्घकाळ स्वावलंबनाने दिवस काढले. त्या मुलींना शिवण शिकवीत, आणि एका पोरक्या मुलाला त्यांनी वाढविले. पतीचा पुतळा उभारण्याचे वचन दिले गेले होते, तो कोठे आहे, असा प्रश्न त्यांनी वृद्धपणी विचारला. तो ऐकून जगभरच्या गणितज्ञांनी वर्गणी गोळा केली आणि शिल्पकार पॉल ग्रॅनलंड यांच्याकडून अर्धपुतळा घडवून घेतला. १३ एप्रिल १९९४ रोजी, पंचाण्णव वर्षांच्या होऊन जानकीअम्माळ गेल्या. बाहीच्या गोलाईचे आणि गळ्याच्या उताराचे कापड बेतताना त्या जे करीत, त्याला त्यांनी स्वतः गणित म्हटल्याचे कोठे नमूद नाही, आणि दुसऱ्या कोणी म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न का नव्हता, याचे उत्तर शाळांच्या इतिहासात शोधावे लागते. १८८२ च्या हंटर आयोगाने मुलींसाठी वेगळा, सोपा आणि घरसंसाराला उपयोगी अभ्यासक्रम सुचविला. सुईकाम मुलींचे आणि वरचे गणित मुलांचे, ही वाटणी त्यानंतर दीर्घकाळ गृहीतच धरली गेली. महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणासाठी ज्यांनी सर्वस्व वेचले ते धोंडो केशव कर्वे स्वतः गणिताचे प्राध्यापक होते. १८९१ पासून १९१४ पर्यंत त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविले. १९१६ मध्ये त्यांनी स्थापिलेल्या महिला विद्यापीठाने मातृभाषेतून उच्च शिक्षणाचे दार उघडले, हे त्याचे थोरपण. परंतु त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मान होता तो गृहशास्त्राला आणि आरोग्यशास्त्राला. काळ लक्षात घेता हे समजण्यासारखे आहे. बालवयात लग्ने होणाऱ्या, विधवापण सोसणाऱ्या मुलींना आधी शाळेपर्यंत आणणे हेच अवघड होते. तरीही गणिताच्या प्राध्यापकाने काढलेल्या विद्यापीठात गणिताला तो मान मिळू नये, यातला सल लपत नाही.

ही वाटणी मोडली ती स्वातंत्र्यानंतर. मुलामुलींच्या अभ्यासक्रमांत भेद असावा की नसावा याचा विचार करण्यासाठी हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ याऐवजी ‘सर्व मानव’ असे शब्द यावेत म्हणून आग्रह धरणाऱ्या त्या याच हंसाबाई. शाळेच्या पातळीवर असा भेद नसावा, असे समितीने १९६४ मध्ये सांगितले. पाठोपाठ १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने दहावीपर्यंत गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे करण्याची शिफारस केली. त्याच आयोगाने ‘कार्यानुभव’ हा विषयही शाळेच्या वेळापत्रकात आणला. ज्यांची शाळा त्यानंतरच्या दशकांत झाली त्यांना तो तास आठवत असेल : फळीवर रंगीत सूत, डब्यात सुया, आणि परीक्षेपूर्वी घाईने कोणाकडून तरी पुरा करून घेतलेला रुमाल. मंगळवारी तिसऱ्या तासाला वर्तुळाचा परीघ आणि पाचव्या तासाला गोल रुमाल. दोन्ही एकाच वर्गात, कधीकधी एकाच बाईंकडे. तरी परिघाच्या तासाला रुमाल कोणी फळ्याजवळ नेला नाही, आणि रुमालाच्या तासाला π चे नाव निघाले नाही. या अंतराची किंमत ज्या मुलींनी मोजली त्यांची गणती कोठेच नाही. गणितात नापास म्हणून दहावीला अडलेल्या कितीतरी मुली घरी बसून लसाविच्या नक्षी बिनचूक विणीत होत्या.

तो रुमाल फळ्याजवळ नेला गेला अमेरिकेत, १९९७ साली. त्यासाठी आधी शंभर-दीडशे वर्षे मागे जावे लागेल. युक्लिडच्या भूमितीत एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते. हे गृहीतक नाकारूनही सुसंगत भूमिती उभी राहते, हे रशियातील लोबाचेव्हस्की यांनी १८२९ मध्ये आणि हंगेरीतील यानोश बोल्याय यांनी १८३२ मध्ये दाखविले. या अतिपरवलयी प्रतलात समांतर रेषा कितीतरी काढता येतात, आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून कमी भरते. पण असे प्रतल दिसते कसे? १९०१ मध्ये हिल्बर्ट यांनी सिद्ध केले की त्याचे संपूर्ण आणि गुळगुळीत रूप आपल्या त्रिमितीत बसविता येत नाही. त्याचा तुकडा मात्र करता येतो. विल्यम थर्स्टन हे कागदाच्या वक्र पट्ट्या चिकटवून असे तुकडे करीत. ते हातात घेताच फाटत.

कॉर्नेल विद्यापीठातील लॅट्व्हियन गणितज्ञ डायना ताइमिन्या यांनी असे कागदी नमुने पाहिले आणि सुई हातात घेतली. दर फेरीला ठराविक संख्येने वाढ करण्याऐवजी त्यांनी ठराविक प्रमाणात वाढ केली. समजा, प्रत्येक पाच टाक्यांमागे एक टाका जास्त. पहिल्या फेरीला वीस टाके असतील तर विसाव्या वाढीनंतर ते सातशेच्या आसपास जातात. सपाट रुमालात तेवढ्याच फेऱ्यांत सहाच्या हिशेबाने फक्त एकशे वीसच टाके वाढले असते. एवढ्या कडेला सपाटीवर जागा नसते. ती वर-खाली लाटा घेऊ लागते, झालर होते. ती कापडी झालर दुमडून तिच्यावर सरळ रेषा शिवता येतात, एका बिंदूतून जाणाऱ्या अनेक समांतर रेषा प्रत्यक्ष बोटाने तपासता येतात. दीडशेहून अधिक वर्षे कल्पनेतच वावरलेली भूमिती विद्यार्थ्यांच्या मांडीवर आली. ताइमिन्या यांच्या या विषयावरील पुस्तकाला २०१२ मध्ये अमेरिकेतील गणित संघटनेचा ऑयलर ग्रंथ पुरस्कार मिळाला, आणि त्यांचे काही नमुने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवले आहेत.

क्रोशा करणाऱ्या प्रत्येक बाईने ही झालर पाहिलेली असते. वाढ चुकून जास्त झाली, टाके मोजताना कोणी बोलायला आले, की रुमाल ‘फुगतो’, कडा झुलू लागतात, आणि बाई चुकचुकत तो उसवते. वाढ कमी पडली तर त्याची वाटी होते, तेही उसवायचेच. सपाट रुमाल, वाटी आणि झालर, म्हणजे भूमितीच्या तीन जाती, एकीच्या हातून एका दुपारी होऊन जात.

गणिताने नमुना दिला आणि सुईने तो पुरा केला, असे याहूनही स्पष्ट उदाहरण इंग्लंडमधील ब्रिस्टलचे आहे. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या समीकरणांतून एक अत्यंत गुंतागुंतीचे पृष्ठ निघते. हिंके ओसिंगा आणि बर्न्ड क्राउस्कोप्फ या गणितज्ञांनी ते संगणकावर काढण्याची पद्धत बसविली होती. मधल्या बिंदूपासून एकेक कडे बाहेर वाढवीत नेणे आणि प्रत्येक कड्यावर कोठे बिंदू वाढवावे, कोठे कमी करावे हे ठरविणे, अशी ती पद्धत. ओसिंगा यांना लहानपणापासून विणकाम येत होते. आपल्या संगणकाने काढलेली ही यादी म्हणजे क्रोशाचा नमुनाच आहे, हे ध्यानात आल्यावर त्यांनी सुई घेतली. २५,५११ टाके आणि सुमारे ८५ तास खर्चून ते पृष्ठ जवळजवळ एक मीटर रुंदीच्या वस्तूच्या रूपात उभे राहिले, आणि २००४ मध्ये त्याचा टाक्या-टाक्याचा नमुना गणिताच्या नियतकालिकात छापला गेला. दुसऱ्या कोणी तो विणून दाखवावा म्हणून त्यांनी बक्षीसही लावले होते.

हे कौतुक वाचताना आंध्रच्या किनाऱ्यावरील नरसापूर डोळ्यांआड करता येत नाही. गोदावरीच्या मुखाजवळच्या या गावात आणि भोवतालच्या खेड्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस रुजविली. माल युरोप-अमेरिकेपर्यंत जाऊ लागला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तेथल्या बायकांचा अभ्यास करून १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. दिवसाचे सहा-आठ तास लेस विणणाऱ्या या बायकांना कामगार म्हणून कोणी मोजीत नव्हते. त्या गृहिणी, आणि त्यांचे विणणे हा फावल्या वेळचा उद्योग, असे व्यापारी म्हणत, घरचे म्हणत, आणि पुष्कळदा त्याही तसेच म्हणत. नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक ओळख मिळाली ती २०२४ मध्ये. तमिळनाडूतही या कामाने मोठे रूप घेतले. २०१६ साली चेन्नईत देशभरच्या बायकांनी विणून पाठविलेले चौकोन जोडून अकरा हजार चौरस मीटरहून मोठी क्रोशाची चादर पसरण्यात आली आणि तिची जागतिक विक्रमात नोंद झाली. वेगवेगळ्या हातांच्या घट्ट-सैल विणीचे चौकोन एकाच मापात बसवायचे, तर प्रत्येकीला आधी नमुन्याची पट्टी विणून आपले टाके मोजावे लागतात.

पट्टीश्वरम्‌च्या परिसरात मार्गळी महिना लागला, म्हणजे डिसेंबरचा मध्य ओलांडला, की कोलम मोठी होतात. थंडीत पहाटे चारला उठून, दिव्याच्या उजेडात ठिपके मांडले जातात. चुकले तर ओल्या हाताने पुसून पुन्हा मोजतात. ज्या अंगणात जागा लहान तेथे सात ठिपके, मोठे असेल तेथे एकवीस.